डावी शृंगिका

मे महिना, भर दुपार, पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या गच्च लावलेल्या. आमच्या संभाजीनगरात अशा खोलीत दोन शिकलीसवरलेली माणसं घामाच्या धारांत बसलेली कुणी पाहिली, तर ह्यांना वेड लागलं असंच म्हणेल. आम्ही तसे बसलो होतो, पुंडलिकनगरातल्या सरांच्या घरी, त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत. मी आणि माझे सर. मध्ये टेबलावर, काचेच्या वाटीत, लवंगाच्या तेलाच्या थेंबात ती होती. खसखशीच्या दाण्याहून लहान. तिचा एखादा भाग सुईच्या टोकावर उचलला आणि तेवढ्यात कुणी शिंकलं, तर तो भाग गेलाच म्हणून समजायचं. म्हणून पंखा बंद.

ती म्हणजे एक गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की लोक आधी हात झटकतात, सुजलेला डोळा आठवतात. ही तसली नव्हे. ही कुणाला चावत नाही, कुणाला दिसतही नाही. सीताफळावर तो पांढरा पिठ्या ढेकूण पडतो ना, त्याच्या पोटात ही अंडी घालते. आतली अळी ढेकूण आतून खाऊन मोठी होते आणि एक दिवस त्याच्या पाठीला भोक पाडून बाहेर येते. इतकी निर्दयी आणि इतकी नाजूक गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. आणि ही जी वाटीत होती, ती आजवर कुणीच पाहिलेली नव्हती. जगात कुणीच. निदान तिची नोंद कुणी केलेली नव्हती, आणि आमच्या धंद्यात दोन्हीचा अर्थ एकच.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तापट आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मी शिकवायला लागले की शेजारच्या वर्गाचं दार लोटून घेतात. पण सर माझ्याही वरताण. त्यांच्या हाताखाली मी पीएचडी केली तेव्हा वाईट स्लाइड दिसली की ते ती काही न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. बोलले असते तर परवडलं असतं. त्यांनी अख्खी हयात या बारीक गांधिलांत काढली. देशभरातून लोक त्यांना नमुने पाठवायचे, हे ओळखून देत, आणि नवी जात निघाली की ती त्या लोकांच्या नावानं छापून यायची. शेवटी एका ओळीत सरांचे आभार. आता निवृत्त झालेत, आणि गेली दोनेक वर्षं त्यांचा उजवा हात थरथरतो. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ही बया मला सापडली ती सोयगावकडच्या आमच्या शेतात. माझ्या दिरांची सीताफळाची बाग आहे. पाऊस सरता सरता मी तिथून ढेकणांनी भरलेल्या फांद्या आणल्या, बरण्यांत घालून तोंडाला मलमल बांधली आणि बाहेर येतील ती गांधिलं अल्कोहोलच्या बाटल्यांत टाकत गेले. परीक्षा, पेपर तपासणी, लग्नसराई यांत बाटल्या तशाच राहिल्या. मार्चमध्ये निवडायला बसले. नेहमीच्याच, नेहमीच्याच, नेहमीच्याच, आणि मग ही. मिशा मण्यांच्या सरीसारख्या, काळ्या, आणि मधले काही मणी पांढरेशुभ्र. सरांना मिशा म्हटलेलं खपत नाही, शृंगिका म्हणायचं. पण मला त्या क्षणी शास्त्र सुचलं नाही. मी खुर्चीतून उठून प्रयोगशाळेत एक चक्कर मारून आले, पाणी प्यायले आणि पुन्हा बघितलं. पांढरेच होते.

बरोबर नरही निघाले होते, पण या कुळात नरांचा उपयोग नाही, सगळे एकसारखे. जात ठरते मादीवरून. मादी एकच.

सरांकडे घेऊन गेले. त्यांनी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकातून मान वर काढली नाही. मग म्हणाले, "कुठं मिळाली?" मी सांगितलं. पुन्हा मान खाली. नंतरचे काही आठवडे आम्ही होती नव्हती ती सगळी वर्णनं धुंडाळली, परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवले. सगळीकडून एकच उत्तर, आम्हाला माहीत नाही. सर म्हणाले, "नवी आहे. पण एकीवर लिहायचं नाही. जा, आणखी आण." मला हा नियम त्यांनीच शिकवलेला. एकच नमुना म्हणजे हाताशी काहीच नाही. तो बिघडला की तुमच्या शब्दाला कुणी विचारत नाही.

मी रविवारी पहिली एसटी धरली. बागेत शिरले आणि पाय जागीच थबकले. झाडं सगळी छाटलेली. नुसती खोडं आणि बोटभर फुटवे.

दीर मागून आले. "वहिनी, आधी फोन तरी करायचा व्हता. लई ढेकणं झाली व्हती. छाटलं आन् समदं पेटवून दिलं."

"समदं?"

"समदं. बांधावर राख हाय. त्यात घावतंय का बघा तुमचं काय ते."

आणि हसले. मला असा संताप आला! पण कुणावर काढणार? बाग त्यांची, ढेकूण त्यांच्या फळांवर, छाटणीची वेळही बरोबर. माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "ढेकणालाच खातंय म्हनं की तुमचं ते. मग सांगायचं ना वो, एखादं झाड ठिवलं असतं."  उरला दिवस मी आजूबाजूच्या बागा फिरले, पायाला फोड आले, मिळतील तेवढे ढेकूण घेऊन आले. पुढं त्यांतून निघाली ती सगळी नेहमीचीच गांधिलं. त्या पांढऱ्या मण्यांची एकही नाही.

म्हणजे जी होती तीच. आणि तिला तशीच बाटलीत ठेवून चालत नाही. वर्णन करायचं तर तिला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पारदर्शक करायचं, पंख, डोकं, शृंगिका सुट्या करायच्या आणि काचेच्या पट्टीवर राळेत कायमच्या चढवायच्या. म्हणजे जिच्यामुळं जात सिद्ध होणार, तिचेच तुकडे करायचे. एकदाच. चुकलं तर पुन्हा नाही.

मी हे काम शेकडो वेळा केलंय. माझा हात चांगला आहे, हे सरच म्हणायचे. मी गृहीतच धरलं होतं की मीच करणार.

सर म्हणाले, "एकटी तर एकटी. तिच्यावरच लिहू. चढवणार मी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "सर, मी करते की. तुम्ही शेजारी बसा."

"मी करणार म्हणालो ना?"

विषय संपला. मी तिथून उठून स्वयंपाकघरात काकूंकडे, सरांच्या बायकोकडे गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी हळू आवाजात म्हटलं, "काकू, तुम्हीच सांगा ना त्यांना. एकच आहे हो ती."

"मी सांगू?" काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "अगं, सांडू नये म्हणून मी चहाचा कप अर्धाच भरला, तर आठवडाभर तोंड फुगवून बसले. तुझं तू बघ बाई."

मला खरंच राग आला होता. अगदी डोकं भणभणत होतं. मी शोधली, मी वाढवली, माझ्या पायाला फोड आले आणि आता या थरथरत्या हाताच्या हट्टापायी ती मातीत जाणार? दुसरा एक विचारही येत होता. कॉलेजात सुट्टी होती, प्रयोगशाळेची चावी माझ्याकडं होती. सरळ जाऊन चढवावी आणि मग तयार स्लाइड त्यांच्यासमोर ठेवावी. नवऱ्यालाही तेच पटत होतं. "गुरु-बिरु ठीक आहे, पण किडा तुझा आहे," म्हणाला.

मी दुसरी वाट काढायला गेले. आमच्यात एक रीत आहे, नव्या जातीला स्वतःचं नाव देत नाहीत. लेखक स्वतःला सोडून कुणाचंही नाव देऊ शकतो. मी सरांना म्हटलं, "सर, मी एकटी लिहिते आणि जातीला तुमचं नाव देते. कायमचं राहील." माझ्या मते याहून मोठा मान नव्हता.

सरांनी चष्मा काढला. "लोकांनी माझे आभार मानून झालेत. आता तू माझं स्मारक बांधतेस? मी अजून बसलोय इथं. मला नाव नको, काम दे."

 मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. लेखावर पहिलं नाव माझं, दुसरं त्यांचं, असं ठरलं. कॉलेजात जाऊन चढवली असती तर स्लाइड उत्तम झाली असती, पण त्या घराची पायरी मला पुन्हा चढता आली नसती.

तर ती मे महिन्यातली दुपार. कॉस्टिक, पाणी, अल्कोहोल सगळं आधी नीट पार पडलेलं. तेलात ती काचेसारखी स्वच्छ दिसत होती. खोलीभर लवंगाचा वास, दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखा. सरांनी कपाळाला पंचा बांधला होता, घामाचा थेंब वाटीत पडू नये म्हणून. मीही ओढणी बांधली. एरवी आम्ही एकमेकांना बघून हसलो असतो.

त्यांनी सुया घेतल्या. काडीच्या टोकाला बसवलेल्या, केसाएवढ्या बारीक सुया, स्वतः केलेल्या. उजवा हात टेबलावर टेकवला. थरथरत होता. मग सुई तेलात गेली आणि हात थांबला. खरंच थांबला! मी श्वास सोडला. एक पंख सुटला, दुसरा सुटला, दोन्ही त्यांनी सुईवर उचलून पट्टीवरच्या राळेत पसरवले. इतके सुंदर की मला माझ्या रागाची लाज वाटली. सर पुटपुटत होते, "शाबास. ये. ये इकडं." मला नव्हे, तिला.

दारावर टकटक झाली. "अहो, कूलर लावू का? उकडून मराल..."

"थांबा!" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो. काकूंची पावलं मागं गेली.

सरांनी डोकं वेगळं केलं. डाव्या शृंगिकेच्या मुळाशी सुई घातली, ती सुटली. आता ती राळेपर्यंत न्यायची होती. मी सगळं वाटीतून पट्टीवर घेऊन तिथंच सुटं करते, तेलातून राळेत नुसतं ढकलते, उचलतच नाही. सर जुन्या पद्धतीचे. पंख मोठे, ते सुईला चिकटून आले, पण शृंगिकाही ते नेहमी सुईवर उचलूनच नेत. वाटी ते पट्टी, मध्ये वीतभर हवा. मला ते माहीत होतं, मी तोंड उघडलंही, "सर, ढकलून..." पण सुई वर आली होती. आता बोललं तर हात हलेल. मी ओठ चावून बसले.

सुई वाटीबाहेर आली आणि हात पुन्हा थरथरायला लागला. सरांनी डावा हात मनगटाखाली लावला. थोडं थांबले. सुई पट्टीवर आली, राळेत टेकली. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बघतच राहिले. मग सुईचं टोक पुन्हा पाहिलं.

"बघ गं," ते म्हणाले.

राळेत काही नव्हतं. सुईवर काही नव्हतं. वाटीत नव्हतं. मी पट्टीची कड बघितली, खालचा पांढरा कागद इंच इंच बघितला, सरांची बाही भिंगाखाली घेतली. ते हात पुढं करून बसले होते, लहान मुलाचे कपडे बदलताना ते बसतं तसे. टेबल झालं, फरशी झाली. गुडघ्यावर बसून मी भिंग घेऊन शोधत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मनात एकच, मी बोलले का नाही, मी बोलले का नाही. पाव मिलिमीटरची वस्तू. धूळ होती, एक मुंगीचा पाय होता. ती नव्हती.

मी उभी राहिले. डोक्यात एकही धड विचार नव्हता. अजून एक शृंगिका होती, उजवी. ती गेली की सगळं गेलं. पांढऱ्या मण्यांशिवाय ही जात म्हणजे माझ्या तोंडची कहाणी.

सरांनी सुई पुन्हा वाटीकडं नेली.

"सर, सुई द्या." वर्गात मागच्या बाकावर जातो तो आवाज माझ्या तोंडून निघाला. त्या घरात तो मी कधीच काढला नव्हता.

ते थांबले. मला वाटलं, आता बाहेर काढतात मला.  त्यांनी सुईचं टोक स्वतःकडं धरून काडी माझ्यासमोर केली. मग खुर्ची मागं ओढली, उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात काखेत घालून.

मला कीव आली असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही आली. राग होता, भीती होती, आणि हात स्थिर ठेवायचा होता. डोकं मी पट्टीवर घेतलं, शृंगिका तिथंच सोडवली आणि काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं थोडी थोडी ढकलत राळेत नेली. मणी एका रांगेत आले. काळे, पांढरे, काळे. मग धड. मग वरची पातळ काच एका कडेनं टेकवून हळूहळू सोडली, आणि एक बुडबुडा उठला. सरळ शृंगिकेकडं निघाला. माझ्या तोंडून आईगं निघालं. सर वळले नाहीत, नुसतं म्हणाले, "कड उचल. थोडी. आता सोड." मी तसं केलं. बुडबुडा बाजूनं निघून गेला.

"झालं," मी म्हटलं. सर खोलीबाहेर गेले. थोड्या वेळानं कूलरचा आवाज आला. मी एकटीच बसले आणि रडले, कशासाठी ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

राळ सुकायला वेळ लागतो. इतर ठिकाणी ओव्हनमध्ये ठेवतात, आमच्याकडं मे महिना पुरतो. स्लाइड डब्यात आडवी घालून मी गच्चीवरच्या खोलीत ठेवली आणि चिठ्ठी चिकटवायला घेतली. सोयगाव, सीताफळ, तारीख सगळं बसलं, पण जिल्ह्याचं नवं नाव त्या इवल्या चिठ्ठीवर मावेना. तीनदा लिहिलं. सरांचा फोन आला नाही. मीही केला नाही. स्लाइड सुकली तरी केला नाही. शेवटी काकूंचाच आला. "दोघं सारखेच आहात. ये मुकाट्यानं. जेवायलाच ये."

गेले. जेवणं झाली. सरांनी स्वतःच विचारलं, "आणलीस?"

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बारीक फिरकी फिरवायला हात नेला, चित्र जवळ यायचं आणि हात हलला की पुन्हा जायचं. त्यांनी हात काढून घेतला. मी काही न विचारता फिरकी धरली.

"फिरव. थांब, मागं. हां. थांब. दिसली."

मग बोलायला लागले. आमची वर्णनं छापायची असतात इंग्रजीत, पण सर आधी मराठीत सांगतात आणि मी ती उतरवते, आमची पहिल्यापासूनची सवय. आवाज पूर्वीसारखा, वर्गातला. डोकं, रुंदीला उंचीपेक्षा जास्त. डोळ्यांवर बारीक लव. उजवी शृंगिका. एकेक मणी, लांबी, रंग, केसांच्या रांगा. मी एका हातानं फिरकी धरून दुसऱ्या हातानं लिहीत होते. त्यांचं काही सुटलं नाही, काही चुकलं नाही.

"डावी शृंगिका," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'नाही.' नमुन्यात काय कमी आहे ते सांगावंच लागतं, तेवढ्यावर भागतं.

"काय लिहिलंस?"

"नाही, असं."

त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. "नाही कशी? होती. आपण दोघांनी बघितली. उजवीसारखीच होती. चढवताना हरवली, असं लिही."

"बरं." मी लिहिलं.

"कुणाच्या हातून ते लिहिलंस?"

"सर, असं कोण लिहितं?"

"मी लिहितो. शंभर वर्षांनी कुणीतरी पोर ही स्लाइड काढेल. तिला वाटेल, ज्या बाईनं हे वर्णन केलं तिनंच मोडली. तू नाही मोडलीस. दुसऱ्या लेखकाच्या हातून हरवली. लिही."

माझ्यानं लगेच लिहिवेना. कागदावरचं काही दिसत नव्हतं.  मी डोळे पुसले आणि लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.

"वाच."

मी वाचलं. शेवटपर्यंत.

"बरोबर," सर म्हणाले. "आता पंख घे."